खो मिळायच्या आधी

कमळाने भद्रावतीच्या बाजारगल्लीत दुकान टाकलं तेव्हा सासूने, म्हणजे सुगंधाबाईंनी, पदर कमरेला खोचत विचारलं होतं, "आता तू गाणे इकशीन का वं?"

"इकत नाई माय, भरून देतो."

"भरून? थो का लोणच्याचा बरणा हाय?"

पण कॅसेटीत गाणी भरणं आणि बरणीत लोणचं भरणं यात फार फरक नाही, हे कमळाला महिनाभरात कळलं. दोन्हींना घाई चालत नाही. गाणं साडेतीन मिनिटांचं असलं की भरायलाही साडेतीनच मिनिटं लागतात. देवाचं असो की लग्नाचं. गिऱ्हाईक कागदावर यादी लिहून देई, कमळा दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवून एकातलं दुसऱ्यात उतरवी आणि अठरा गाणी होईस्तोवर बसून राही. तिची आठ महिन्यांची लेक प्रज्ञा मागच्या झोळीत झोपलेली असे. कमळाचा एक पाय झोळीच्या दोरीत, एक बोट बटणावर.

बसून राहणं तिला जड जाई. लग्नाआधी ती कमळा फुलझेले होती, आणि चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात खो-खो खेळणाऱ्या कोणालाही ते नाव सांगावं लागत नसे. नागपूरला, अमरावतीला, एकदा तर पार कोल्हापूरला जाऊन आली होती. खांबाला वळसा घालताना ती जमिनीला अशी तिरपी होई की बघणाऱ्या बाया "पडली वं पडली!" म्हणून ओरडत, आणि ती तोवर गडी बाद करून मोकळी. मग लग्न झालं. नवरा खुशाल देवगडे दारूगोळ्याच्या कारखान्यात, वसाहतीत क्वार्टर, आधी एक मुलगा, मग ही प्रज्ञा. सगळी प्रशस्तिपत्रं ट्रंकेत तळाला, वर लेकरांची दुपटी. खुशाल चांगला माणूस होता. तिला दुकान हवं म्हणाली तेव्हा तो एवढंच बोलला, "धावून धावून थकली नाईस का तू?" आणि स्वतःच पाटी रंगवून आणली. 'जुनी गाणी भरून मिळतील.'

त्या 'जुनी' शब्दावरच दुकान चाललं होतं. नवी गाणी तर चंद्रपूरच्या कोणत्याही दुकानात मिळत. पण चाळीस-पन्नाशीतले लोक, कारखान्यातले फोरमन, कोळशाच्या खाणीतले हजेरी कारकून, सिंदेवाहीहून पोरीकडे आलेल्या म्हाताऱ्या, हे सगळे कमळाकडे येत. कारण तिच्याकडे चार कॅसेटी अशा होत्या की तशा साऱ्या तालुक्यात कोणाकडे नव्हत्या.

आणि त्या चार कॅसेटींचं मूळ गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहत होतं.

त्यांचं नाव देवराव. लोक त्यांना भोंगेवाले देवरावभाऊ म्हणत. साठीचा, उंच, जरासा वाकलेला माणूस. तीस वर्षं लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, जयंती, बैलांचा शंकरपट, नाटक, काही असो, देवरावभाऊंचा भोंगा झाडावर चढल्याशिवाय गावाला कार्यक्रम आहे असं वाटत नसे. त्यांच्याकडे सात लाकडी पेट्या होत्या आणि त्यात तवे. रेकॉर्ड हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही; तवाच. त्यातले निम्मे जुने, लाखेचे, हातातून सुटले की कौलासारखे फुटणारे. बैलबंडीत भाताचं तणस अंथरून त्यावर पेट्या ठेवून ते आलापल्लीपर्यंत जाऊन आलेले होते. त्यांचा एक नियम होता: तवा एकट्याने कुठे जाणार नाही. यंत्रासोबत तेही जाणार, पिन तेच ठेवणार, तेच उचलणार. आमदाराच्या पोराच्या लग्नातही त्यांनी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता.

कमळाला ते लहानपणापासून ओळखत. जिल्ह्याचे सामने असले की मैदानात बोलायला देवरावभाऊच असत. बोलून बोलून त्यांना खो-खोचे नियम पंचांपेक्षा जास्त पाठ झाले होते. "चांदा जिल्ह्याची कमळा फुलझेले, आता पाहा, आता पाहा," असं ते भोंग्यावर म्हणत, आणि तिचे पाय आपोआप हलके होत.

प्रज्ञाच्या नामकरणाला तेच आले होते. क्वार्टरसमोरच्या कडुलिंबावर भोंगा बांधला. त्रिशरण-पंचशील झालं, नाव ठेवलं, जेवणं झाली, आणि दुपारभर ते एकामागून एक तवे लावत राहिले. खुशालचा टेपरेकॉर्डर कमळाने यंत्राशेजारी आणून ठेवला.

"हे कायले वं, कमळे?"

"भरून ठेवतो भाऊ. पोरीसाठी. मोठी झाली म्हंजे आयकन."

देवरावभाऊ खूश झाले. इतके की पाचव्या पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळून ठेवलेले तवे त्यांनी काढले. कोणाच्या लग्नात ते काढत नसत. "पोरीसाठी हाय तं चांगलेच घे," म्हणाले.

चार कॅसेटी भरल्या. खरंच पोरीसाठी. कमळा तेव्हा खोटं बोलली नव्हती. पुढे शेजारणीने एक मागितली, मग तिच्या भावाने, मग भावाच्या साहेबाने, आणि एक दिवस कमळाच्या मनात दुकान आलं. देवरावभाऊंना सांगायला जायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ. कधी लेकराला ताप, कधी पाहुणे. आणि खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हटलं असतं तर, ही भीती. त्यातच गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे लग्नाच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या. लोक म्हणत, कॅसेट लावली की झालं, भोंगेवाल्याला दोन दिवस जेवू कोण घालणार?

कार्तिक संपता संपता एका सकाळी देवरावभाऊ दुकानात आले. धोतर स्वच्छ, डोक्यावर टोपी, हातात एक कॅसेट.

"कमळाबाई," ते म्हणाले.

देवरावभाऊंनी तिला जन्मात कधी बाई म्हटलं नव्हतं.

"या भाऊ, बसा ना."

"बसत नाई. हे लावा जरा. लच्छूच्या चायच्या टपरीवर वाजून राह्यली होती, मागून आणली."

तिने लावली. पहिलं गाणं सुरू झालं. देवरावभाऊंनी उजव्या हाताचं बोट वर केलं. मुखडा संपला.

"आता तीन टका मारन," ते म्हणाले.

टक्. टक्. टक्.

"बासष्टच्या साली सिंदेवाहीले बंडी उलटली होती. थ्या दिवसचा ओरखडा हाय थो. सारा मुलूख पालथा घाला, हे टका दुसऱ्या तव्यात भेटनार नाईत." बोट अजून वरच होतं. "आता पोरगी रडन."

आणि सारंगीच्या मागून, लांबून, प्रज्ञा रडली. नामकरणाच्या दिवशीचं, दोन महिन्यांच्या लेकराचं बारीक रडणं. झोळीतली आताची प्रज्ञा ते ऐकून जागी झाली आणि इकडेतिकडे बघू लागली, जणू कोणी आपली नक्कल करतंय.

कमळाने बटण दाबून कॅसेट थांबवली. "भाऊ, मी येनारच होती सांगाले..."

"कवा?"

ती झोळीला झोका देऊ लागली.

"लोक म्हनतेत कमळाबाईनं देवरावच्या धंद्यात खो घातला. मी म्हनलं, नाई. मी तिले मैदानात पाह्यलं हाय. ती खो घालनारी नव्हे." ते रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं. मैदानात पंचाचा निर्णय सांगावा तसं ते सांगत होते. "पन तू फाऊल केला. खो भेटाच्या आधी उठली. मांगून हात लागला नाई, तोंडातून खो निघाला नाई, अन् तू उठून पळाले लागली. म्या देल्लाच असता वं. एकडाव बसून तं राहाची होतीस."

कॅसेट गल्ल्यावर ठेवून ते गेले.

संध्याकाळी खुशाल म्हणाला, "काही तरी देऊन टाक त्याहिले. नाई तं महिन्याचं ठरवून घे." ती गेली. देवरावभाऊंनी चहा पाजला, लेकरांची चौकशी केली आणि म्हणाले, "ठरवाचं का आता? बुधवारी बाजारात लटारू येनार हाय, बांगड्यावाला. लाखेचे तवे थो वितळवते. लाख चांगली असते म्हने जुन्यायची. बाकीचे भंगारात. दोन पेट्या त्यानं पाहूनच ठेवल्या."

"भाऊ, नका ना जी देऊ. मले द्या."

"तुले देले म्हंजे तू पुन्हा भरशीन, अन् लोक भोंगा बोलावनार नाईत. लाखवाल्याले देले म्हंजे निदान पोरीबाळीच्या हातात बांगड्या राहतीन." आणि मग हळूच: "मनातून उतरलं ना बाई, मंग तवा हातात घ्यावसा वाटत नाई."

घरी येताना कमळाला तवे दिसत नव्हते, दुकान दिसत नव्हतं. दिसत होतं ते मैदान. फाऊल झाला की पंच शिटी वाजवतो. मग उठलेल्याने काय करायचं असतं? रडायचं नसतं, भांडायचं नसतं. परत आपल्या जागी जाऊन बसायचं असतं. पुन्हा खो मिळेपर्यंत.

बुधवारी तिने दुकानाला कुलूप लावलं. प्रज्ञाला सासूच्या कडेवर दिलं.

"कुठी चालली वं?"

"देवरावभाऊच्या दारात. बसाले."

"बसाले? धरना देतस का?"

"खो-खो खेळाले," कमळा म्हणाली, आणि सुगंधाबाई मागोमाग निघाल्याच. सून बिघडली असेल तर ते आपल्या डोळ्यांनी बघायला नको?

बाजार भरला होता. देवरावभाऊंच्या घराच्या ओसरीवर दोन पेट्या काढून ठेवलेल्या, आणि शेजारी पोती घेऊन लटारू बिडी ओढत बसलेला. बुटका, हसतमुख माणूस. बोटांना लाखेचा लाल रंग कायमचा चढलेला. देवरावभाऊ एकेक तवा फडक्याने पुसत होते. वितळायला द्यायचा तवा पुसून कोण देतो? पण ते पुसत होते.

कमळा ओसरीच्या पायरीखाली गेली, साडीचा काठ आवरला, देवरावभाऊंकडे पाठ केली आणि उकिडवी बसली. दोन्ही तळहात पुढे जमिनीवर टेकलेले, नजर समोर, मान ताठ.

दोन लेकरं झाल्यावर असं बसणं सोपं नसतं. गुडघ्यांनी पहिल्याच मिनिटाला तक्रार केली.

"हे का होय?" लटारू म्हणाला.

फडकं थांबलं, एवढं तिला कळलं, कारण घासण्याचा आवाज थांबला.

मिरच्या विकणारी बायनाबाई आपली टोपली सोडून आली. "काय हरवलं वं माय? बाळी पडली का?"

"माही सून हाय," सुगंधाबाईंनी सांगितलं. "हरवलं काही नाई. डोस्कं हरवलं."

हळूहळू माणसं जमली. कोणी म्हणे अंगात आलं, कोणी म्हणे कंबर धरली. कारखान्यातला एक जण ओळखून म्हणाला, "अरे, हे तं फुलझेले होय, खो-खोवाली!" आणि मग सगळ्यांना एकदम समजल्यासारखं झालं, आणि कोणालाच काही समजलं नाही.

कमळाने कुणाकडे बघितलं नाही. रांगेत बसलेल्याने इकडेतिकडे बघायचं नसतं. मांड्या थरथरू लागल्या होत्या. घाम नाकावरून टपकन् मातीत पडला. मागे प्रज्ञा कुरकुरली, आणि तिच्या अंगावरचं दूध दाटून आलं. ब्लाउज ओला होऊ लागला तशी तिने कोपर जरा आत घेतलं, पण हात उचलले नाहीत.

"कमळाबाई, उठा," मागून देवरावभाऊ म्हणाले.

"उठता येत नाई जी."

"काऊन? गुडघे धरले का?"

"गुडघे तं धरलेच. पन एकडाव फाऊल झाला भाऊ, आता दुसऱ्यांदा कराचा नाई. तुमी खो द्याचा नसन तं नका देऊ. मी बसून राहतो."

"अन् नाईच देल्ला तं?"

"तं बाजार उठन, तवा मीबी उठन. अन् दुकान बंद करन. चारही कॅसेटी तुम्हाले आणून देतो. थ्यात माह्या पोरीचं रडनं हाय, तेवढं कापून ठेवतो फक्त."

लोक हसले. देवरावभाऊ हसले नाहीत. लटारूने एक बिडी संपवून दुसरी पेटवली.

"भाऊ, मी पोते भरू का घरी जाऊ? का मीबी बसू असाच?"

"तू चूप बस गा."

ओसरीवरून पायऱ्या उतरण्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. तिच्या पाठीमागे धोतराची सळसळ थांबली. दोन खांद्यांच्या मधोमध एक हात टेकला, थंड, जडसर. आणि अगदी हळू, घशातल्या घशात, ते म्हणाले, "खो."

ती हलली नाही.

"अवं, देल्ला ना."

"आयकू नाई आला भाऊ," कमळा म्हणाली. तिला स्वतःच्याच धिटाईची भीती वाटली, पण नियम नियम होता. "पंच मानणार नाई. खो साऱ्यायले आयकू आला पाह्यजे."

हात पाठीवरून निघाला. पावलं वर गेली, आत गेली. कमळाने डोळे मिटले. आता पेट्या सरकवण्याचा आवाज येणार, आता पोत्याचं तोंड उघडणार. आपण जास्त ताणलं. म्हाताऱ्या माणसाने चार लोकांत एवढं केलं होतं, तिथेच उठून पाया पडायला हवं होतं.

मग छपरावर काही तरी खरखरलं. भोंगा.

"हॅलो. हॅलो." फुंकर. टिचकी. बाजारातल्या गोंगाटाच्या वरून देवरावभाऊंचा आवाज सगळ्या गल्लीभर पसरला, आणि आवाज साठीचा नव्हता. "चांदा जिल्ह्याची कमळा फुलझेले बसून हाय. आता पाहा. आता पाहा."

ते बोलत बोलतच बाहेर आले. एका हातात माइक, मागे उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून घसटत येणारी लांबलचक वायर. बायनाबाईने वायरीत पाय अडकू नये म्हणून लुगडं वर धरलं. लटारूने पेट्या बाजूला सरकवून वाट दिली. हात पुन्हा पाठीवर टेकला, आणि त्याच क्षणी, हात आणि शब्द एकत्र, नियमाला धरून, भोंग्यातून निघालं:

"खो!"

पलीकडे बैलबाजारातले बैल दचकले म्हणतात.

कमळा उठली. म्हणजे उठायला गेली, आणि डावा गुडघा अर्ध्यात अडकला. देवरावभाऊंनी दंडाला धरून तिला सरळ केलं. तिचं तोंड घामाने, धुळीने आणि दुसऱ्या कशाने तरी ओलं झालं होतं. सुगंधाबाई पुढे झाल्या, पदराने तिचं तोंड खसाखसा पुसलं, जशा प्रज्ञाचं पुसत. "लाजा नाई पोरीले," त्या म्हणाल्या. पण कोणाला, ते स्पष्ट नव्हतं.

"आता?" देवरावभाऊंनी विचारलं. "खो देनाऱ्यानं का कराचं असते, सांग."

"जो उठला त्याच्या जागी बसाचं असते जी. खेळाच्या बाहीर नाई जाचं."

"मले उकिडवं बसता येत नाई आता."

"स्टूल हाय माह्या दुकानात. यंत्राजवळच ठेवतो. पिन तुमीच ठेवा, तुमीच उचला. मी फक्त भरतो."

देवरावभाऊंनी जरा विचार केला. मग तिच्या रिकाम्या जागेशेजारच्या पायरीवर टेकले आणि लटारूकडे वळले. "गड्या, फुटके तेवढे घेऊन जा. दहा-बारा निघतीन. बाकीच्यायले काम लागलं."

"बांगड्या होतीन तेवढ्यात," लटारू म्हणाला. तोही काही फार हिरमुसला नव्हता. असा बाजार त्याला रोज थोडाच बघायला मिळणार होता?

कमळाने पहिली पेटी उचलली. दोन्ही हातांनी छातीशी धरली, खाली हात देऊन. गर्दीने आपोआप वाट केली, जशी मैदानात तिच्यासाठी करत. खो मिळाल्यावर ती आयुष्यात कधी चालली नव्हती; पाय सवयीने ओढ घेत होते. तिने त्यांना आवरलं. मिरच्यांच्या टोपल्या, सुक्या मोहफुलांचे ढीग, कांद्याची पोती, सगळ्यांना वळसे घालत ती एक एक पाऊल टाकत निघाली.

माइक देवरावभाऊंच्या मांडीवर होता, आणि तो बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे ते जे आपल्याशीच पुटपुटले, ते साऱ्या बाजाराने ऐकलं.

"हळू जाय, कमळे. हळू."